अंगठ्याची दोन हाडं

जिभेला हाड नसतं म्हणतात. बरोबर आहे.
पण अंगठ्याला असतात, दोन.
ग्रोद्नोच्या सरकारी इस्पितळात
बावीस वर्षं मी एक्स-रे काढतेय,
तेव्हा एवढं मला ठाऊक.

काझिमिर, आमच्या वरच्या मजल्यावरचा, ट्रॉलीबस चालवायचा.
लिहिणारा वगैरे नाही. ख्रिसमसच्या कार्डावरही
नुसती सही.
ऑगस्टमधल्या एका रात्री, शेवटची फेरी संपवून,
कुणाच्या तरी सहा शब्दांखाली
त्यानं फोनवर अंगठा उमटवला.
शब्द कुठले, विचारू नका.
मीही त्याच रात्री तिथेच उमटवला होता
आणि सकाळी, कॉफी उकळायच्या आत,
पुसून टाकला.

त्याला पुसायचं सुचलं नाही.
चौघे आले, बूट न काढता घरात शिरले.
तिथे म्हणे दहाही बोटांचे ठसे घेतले,
एका अंगठ्यावर भागलं नाही.

त्याची आई यादविगा दर गुरुवारी
तुरुंगाच्या खिडकीशी, पिशवी घेऊन.
कांदे, लोकरी मोजे, चॉकलेटं.
चॉकलेटांचे कागद सोलून आणायचे, असा नियम,
कागदावर अक्षरं असतात ना.
बुधवारी रात्री आम्ही दोघी सोलत बसायचो
तिच्या स्वयंपाकघरात, रेडिओ मोठा करून.
कितीदा माझ्या अगदी ओठांवर आलं.
दर वेळी एक चॉकलेट तोंडात टाकलं.

फेब्रुवारीत तो सुटला, आणि माझ्याच खोलीत आला,
उजवा हात डाव्या हातात धरून,
जणू दुसऱ्या कुणाचा सांभाळायला दिलाय.
प्लेटवर ठेवला. बोटं सरळ होईनात.
हाताच्या फोटोला श्वास रोखावा लागत नाही.
तरी सवयीनं म्हणाले, श्वास रोखा.
त्यानं रोखला.

पडद्यावर दोन्ही हाडं, पांढरीफटक.
खालचं दोन जागी मोडून
आपलं आपणच वाकडं जुळलेलं.
फॉर्मवर एक रकाना असतो: इजेचं कारण.
एक ओळ. सहा शब्द सहज मावतील.
मी लिहिलं, दारात चेमटला.

मागे वळले तर तो तसाच,
ओठ घट्ट, चेहरा निळसर पडत चाललेला.
सोडा म्हणायचं
मी विसरलेच होते.