हाताची पाठ

ऊन उतरू द्या की ओ आधी.
होटगी रोडच्या या पत्र्याखाली दुपारी दोनला
बॉनेटवर भाकरी भाजेल, वॅक्स नाही लागणार.
लागेल, पण गुळाच्या पाकासारखं धरून बसेल,
मग गावभर सांगाल, मेरगूच्या पोरीला काम येत नाही.
बसा. त्या टायरवर बसा, स्वच्छ आहे.

रॉकेल मारलंय का दाराला? खरं सांगा.
वास येतोय.
ड्रायव्हर म्हणाला असेल. ते खोबरेलही लावायला सांगतात.
चमकतं, होय की, अक्कलकोट नाक्यापर्यंत.
पुढं मात्र सगळ्या रस्त्याची धूळ
जावयासारखी येऊन राहते.

हात द्या इकडं.
ही कॅरीबॅग चढवा पंजावर आणि फिरवा दारावरनं,
हळू, तळवा नको, पाठ.
लागलं ना खरखर?
डोळ्याला गाडी धुतलेली आहे, हाताला नाही.
ते आधी चिकणमातीच्या वडीनं उचलायचं.
मळावर वॅक्स बसवलं
तर मळच चमकतो.

हाताची पाठ नान्नांनी शिकवली.
टॉवेल मागावरनं उतरला की
ते मनगटाखालचा भाग फिरवायचे त्याच्यावर,
डोळे दुसरीकडेच, चहावाल्याकडं.
तळव्याला घट्टे पडलेत, म्हणायचे,
तो आता कशालाही मऊ म्हणतो.

किती घेतलं, एवढंच? असं बघू नका.
जास्त लावलं की जास्त चमकतं, हे तुम्हालाच नाही,
सगळ्या सोलापूरला वाटतं.
अम्मा विड्या वळते, दिवसाला आठशे.
तंबाखू ठासली की विडी ओढत नाही, विझते.
चिमटीत मावेल तेवढंच.
मी त्याच चिमटीनं वॅक्स घेते,
श्वास काचेवर बसतो तेवढा पातळ थर,
आणि थांबते.
थांबणं या कामात निम्मं आहे, त्याचे पैसे कोण देत नाही.

हा ओरखडा? बुजणार नाही.
वॅक्सनं ओरखडा जातो म्हणणारा माणूस
तुम्हाला दोन धुण्यांची मुदत विकतो.
उलट त्यात पांढरं भरेल
आणि लांबूनसुद्धा वाचता येईल.

आता बोट ओढून बघा, इथं, कोपऱ्यात.
स्वच्छ रेघ उमटली? मग पुसायला घेऊ.
फडकं चार घड्या घालून, आठ तोंडं,
एक मळलं की पुढचं.
काठ मी कापून टाकते, शिवण रंगाला लागते.
एका टॉवेलचा तेवढा ठेवलाय. हा.

बघा, काठापासून दोन बोटांवर एक फास सुटलाय.
वीतभर पुढं परत. परत वीतभर पुढं.
अकरा नंबरचा माग.
कारखाना विकला तेव्हा गोडाऊनमधनं
असले किलोवर निघाले, मी पोतं भरून आणलं.
सुटलेला फास गाडीला चांगला, ओरखडत नाही,
आंघोळीला कोण घेणार होतं.
माग दुरुस्त करा, म्हणून
नान्ना तीन वेळा वर गेले होते, केबिनमध्ये.
तिसऱ्या वेळी पट्टेवाल्यानं दारातच सांगितलं,
साहेब जेवायला बसलेत.

नाही, तुम्ही ओळखायचं कारण नव्हतं.
मी तेव्हा डबा घेऊन गेटापर्यंतच यायची.
गाडी हीच नव्हती, पण रंग हाच होता.

घ्या ना, बघा हातात धरून.
पाठीनं बघा.

पडला?
असू द्या, उचलू नका.
जमिनीला लागलेला टॉवेल मी रंगाला लावत नाही,
वाळूचा एक कण पुरतो.
दुसरा काढते.
पोतं भरून आहेत, सगळे अकरा नंबरचे.