दोन सूत

अवसेला आमच्यात थापी धुऊन ठेवतात.
त्या दिवशी सिमेंट धरत नाही म्हणे.
धरत असेलही,
पण सुट्टी मिळते, म्हणून कोणी तपासत नाही.

मार्गशीर्षाच्या अवसेला उकर्डा मिस्त्री म्हणाला,
“जलमभर लोकायचीच घरं पायली बाप्पा,
चाला, एक डाव राजाचं पाहून येऊ.”
अन् आम्ही सात जण मालाच्या टेम्पोत,
गिट्टीचा चुरा झटकून, वर चादर टाकून,
अकोटावरून पोपटखेड, पोपटखेडवरून शहानूर.
वाटेत संत्र्याचे बगीचे,
लदलेल्या फांद्यांना बांबूचे टेकू.
“हे पाय, सेंट्रिंग,” शकील म्हणाला.

नाक्यावर नावं लिहून घेतली.
व्यवसाय, असंही एक खानं होतं.
पंचफुलाबाईनं विचारलं, “रेजा लिहू का मजूर?”
साहेब म्हणाला, “पर्यटक लिहा.”
नरनाळ्याचा घाट संपेपर्यंत तो शब्द
ती सुपारीसारखा गालात फिरवत होती.

महाकाली दरवाज्यासमोर कोणी बोललं नाही.
दगडात कमळं, अन् दगडातच अक्षरं,
पाण्यावर वेल पसरावी तशी.
“शकील, वाच ना रे.”
“मी झेडपीच्या शाळेतला, भाऊ.
मले अकोटाच्या बसची पाटी येते.”

मग तोफ. नऊगजी म्हणतात तिला.
शकीलनं टेप लावला, दुसरं टोक मी धरलं.
निम्म्यावर सुटला, सर्रकन डबीत गेला.
तोफ जेवढी होती तेवढी राहिली.

तळ्याकाठी जेवलो. ज्वारीची भाकर, ठेचा,
मीठ घालून उकडलेल्या तुरीच्या शेंगा.
एवढं मोठं गाव, अन् एका घरातून धूर नाही.
वांदरं तेवढी राहायला,
तीही आमच्या शेंगांकडे पाहत.
पंचफुलाबाईनं भिंतीला गाल लावला,
म्हणाली, “चुना आजून थंडा हाय.”

उकर्डा कुठं गेला?
मागं, एका पडक्या कमानीपाशी,
जिथं फोटो काढायलाही कोणी जात नाही,
उभा होता, खिशातला ओळंबा काढून.
सुट्टीच्या दिवशी! आम्ही हसलो.
त्यानं दोरी सोडली. लट्टू हलला, हलला, थांबला.
एक डोळा मिटून पाहिलं,
मग दुसरा मिटून.
मग मला म्हणाला, “तू पाय.”

दोन सूत.
वरून खाली येता येता भिंत
दोन सूत बाहेर गेली होती.

आता हे सांगायला हवं
की बारा वर्षांआधी आमच्या शाळेची मागची भिंत
उकर्डानं बांधली, तीही दोन सूत बाहेर.
पडली नाही. पाडलीही नाही कोणी.
पण तेव्हापासून लग्नात पत्रावळ तिरपी पडली
की पंगत विचारते, “उकर्डानं लावली काय?”
तोही हसतो, वाढणाऱ्याकडे न पाहता.

इथं तो हसला नाही.
कमानीच्या दगडावर तळहात ठेवला,
दुसऱ्या गावच्या मिस्त्रीच्या खांद्यावर ठेवावा तसा,
अन् त्यालाच हळू म्हणाला,
“अवस असन गा त्या दिवशी.”

नाक्यावर माणसं मोजून घेतली,
सात वर गेले, सात खाली.
चंद्र नव्हताच. टेम्पोचा एकच दिवा लागत होता.
मागच्या फळीला टेकून उकर्डा बसलेला,
ओळंबा खिशाबाहेर लोंबत,
वळणावळणावर इकडे जातो, तिकडे जातो,
कुठंच थांबत नाही.
त्यानं तो आत घातला नाही.