पाटे

पी. बी. रोडला, पुलाच्या सावलीत
दस्तगीर नदाफ उकिडवा बसला
आणि आमच्या पिकअपचं बूड बघत राहिला बराच वेळ.
मागं टेकलेली, पुढं नाक वर.
"गाडी आभाळाकडं बघालीय की ओ," म्हणाला,
"काय भरलासा हिच्यात?"

घर, मी म्हटलं.

प्लायवूडचं, वरून पत्रा, एक खिडकी,
साडेसहा फुटांचा पलंग – ह्यांनी स्वतः मोजून केलेला.
एकतीस वर्षं सरकारी बस हाकली ह्यांनी,
झोपले ते डेपोच्या बाकड्यावर, नाहीतर मागच्या सीटवर गुडघे मुडपून.
आता म्हणे, जिथं झाड आवडेल तिथं पाय लांब करायचे.

पण हीच गाडी बेकिनकेऱ्याहून
वीस पोती रताळी आणायची, मी म्हटलं,
कधी हूं नाही की चूं नाही.

दस्तगीरनं हात पुसले.
"रताळी उतरतात, काकू.
मार्केट यार्डात सकाळी पाठ मोकळी.
पाटा दमतो, सुटतो, परत कमान धरतो.
घर उतरत नाही.
गाडी उभी असली तरी वर, तुम्ही झोपलासा तरी वर."

मी ह्यांच्याकडं पाहिलं नाही.
हेही यू-बोल्टकडंच बघत होते.

बोल्ट गंजलेले. डिझेल ओतलं, चहा झाला, मग सुटले.
पाटे जमिनीवर मांडले, थोरला, मधला, धाकटा, त्याहून धाकटा,
फोटोसाठी उभी केलेली भावंडं.
तिसरा मोडलेला निघाला.
कधी मोडला कुणास ठाऊक.
बाकीच्यांनी त्याचं ओझं वाटून घेतलेलं, बोंब न करता.

भट्टी पेटवताना एकदा बिस्मिल्ला.
ठोके मोजायचे कन्नडात, ओंदु, यरडु, मूरु,
आणि हातोडी निसटली की शिवी मराठीत.

"दोन पाटे वाढवतो. पण ऐका,
पाटे वाढले म्हणून एक्सल वाढत नाही,
ब्रेक हाय तेवढाच. घाटात दुसऱ्या गिअरात."
एकतीस वर्षांचा ड्रायव्हर
पहिलीतल्या पोरासारखा मान डोलवत होता.

मग वजनकाटा.
कन्नड चिठ्ठी ह्यांनी दोनदा वाचली, दुसऱ्यांदा हळू.
एकशे चाळीस किलो जादा.
पाण्याची एक टाकी गेली, लोखंडी शिडी गेली,
ह्यांच्या जुन्या टूलबॉक्समधला अर्धा भंगार गेला, तोंड वाकडं करून.
मग सगळ्यांचं लक्ष माझ्या पाट्यावर.
बावीस किलो, वरवंट्यासकट.

"मिक्सर चालतोय की बॅटरीवर," हे म्हणाले.
चालतोय, मी म्हटलं, आणि पाट्यावर बसले.
दस्तगीर हसला.
"राहू द्या साहेब. एक पाटा त्यांचा, दोन माझे."

जांबोटीच्या पुढं, तिसऱ्या दिवशी,
मागचं चाक बसलं.
लाल चिखल. जॅक लावला की जॅकच खाली जायचा,
गाडी तिथल्या तिथं.
हे चिखलात गुडघ्यावर, वर बघितलं, काही बोलले नाहीत.
मीही नाही.
पाटा उतरवला, चाकाशेजारी ठेवला,
जॅक त्यावर.
घर एक-एक दात वर आलं.

संध्याकाळी पाटा धुतला, तीनदा.
जॅकचा गोल ठसा गेला नाही.
त्यावरच कारळ्याची चटणी वाटली,
लसूण जरा जास्त.
गाडी सरळ उभी, झाडाखाली.
आत हे पाय लांब करून झोपलेले,
पलंग चार बोटं आखूड पडतोय,
हे त्यांनी मला अजून सांगितलेलं नाही.