एक घर डावीकडे

मी पंच. काम तसं नसल्यासारखंच:
सर्व्हर जागा ठेवायचा, घड्याळावर डोळा,
नोह ह्वा-जंगच्या पाठीमागे खुर्ची टाकून
श्वाससुद्धा बेतानं घ्यायचा.

ग्वांगजूत रात्रीचे साडेनऊ.
समोर पट नाही, पडदा.
प्रतिस्पर्धी चेंगडूत, त्याच्याही पाठीशी
माझ्यासारखंच कुणी मुकं बसलेलं.
कोपऱ्यातल्या आकड्यात
चार हजार तीनशे बारा माणसं, दाटीवाटीनं.

यंत्रातली बाई मोजते: सात, आठ,
आणि बोट घसरतं.
पांढरी सोंगटी एक घर डावीकडे.
एकच घर.

सतरा वर्षांची पोर मागं वळून बघते.
लाकडी पट असता, तर चिमटीत असेतो
सोंगटी तिचीच होती.
नियम मीच लिहिलाय, कलम अकरा.
मी मान हलवते. नाही.

मग दीड तास ती खेळली,
जणू तिथंच ठेवायची होती.

अर्ध्या गुणानं हरली.
वाकून नमस्कार केला, पडद्याला, मग मला,
आणि आईला फोन लावत जिना उतरली.

आकडा ओसरत गेला: नऊशे, चाळीस, तीन.
संपलेल्या डावाशी कोण बसलं असेल अजून?
त्यातली एक मी.
दिवा मालवण्याआधी माउस उचलला.
कोमट होता.