शेरा

पंचगंगेकाठी स्मशानाच्या कचेरीत
माझी ड्यूटी दुपारी दोन ते रात्री दहा.
नवऱ्याच्या जागी लागले, अनुकंपेवर.
पहिल्याच दिवशी सुबराव म्हणाला,
"वैनी, वास चार दिस नाकात बसतोय, मग जातोय."
वास गेला नाही. नाक गेलं.

देव कधी सुटला, तारीख सांगता येणार नाही.
भांडण झालं नव्हतं.
एका शुक्रवारी उपवास विसरले,
पुढच्या शुक्रवारी
विसरले होते हेही आठवलं नाही.

लोकांचंही तसंच चाललंय.
कावळ्यासाठी दहा मिनिटं थांबतात,
मग कुणीतरी दर्भाचा कावळा शिववतं
आणि गाड्या रिव्हर्स घेतात.
परवा एक पोरगी परदेशातून
व्हिडिओवर बापाला बघत होती.
फोन धरणाऱ्याला म्हणाली,
"जरा पायाकडून दाखवा ना."

डिग्रजकर मास्तर मित्राचा दाखला न्यायला आले
आणि खुर्ची ओढून बसले.
"देव उठला ना बाई समाजातून,
की माणूस शेणीच्या भावानं जातो."

शेणीला भाव नाही हो मास्तर,
इथं शेणी फुकट.
होळीला पेठेतली पोरं टेम्पो भरून आणतात.
कानात बाळी, मानेवर गोंदण,
आरतीचं दुसरं कडवं एकालाही धड येत नाही.
"होळीला पाचच ठिवल्या, मॅडम,
बाकी हिकडं लागत्यात."
आणि घामेजल्या अंगानं थप्पी लावतात,
कोण जळणार त्यावर, हे न विचारता.

मावशीचंही सांगणार होते त्यांना.
चौथी मुलगी.
देव्हाऱ्यात टाक मावत नव्हते एवढं भाविक घर,
पाळण्याभोवती देवाचीच गाणी,
आणि कानात कुर्र करून ठेवलेलं नाव:
नकुसा.
सत्तर वर्षं त्या नावाला ओ देत राहिली.

पण मास्तरांचा मित्र गेला होता.
त्यांचा हात कागदावर थरथरत होता.
मी सही कुठं करायची तेवढं दाखवलं.

मग बुधवारी सीपीआरमधून एक आला.
सोबत पोलिसांचा कागद, कपड्यांचं गाठोडं.
पुरुष. वय अंदाजे पन्नास.
नाव: अनोळखी.
पत्ता: नाही.
धर्म:
तिथं पेन टेकवलं, आणि शाईचा ठिपका मोठा होत गेला.

"टाका की कायबी," सुबराव म्हणाला,
"आपल्या दारात आलाय म्हंजे आपलाच."

गाठोडं सुटलं होतं.
निळा शर्ट, कॉलर विरलेली.
तिसरं बटण हिरव्या दोऱ्यानं लावलेलं,
सात-आठ टाके, आतून गाठ,
दातानं तोडल्यावर उरतं तेवढं शेपूट.
कुणी लावलं असेल?
त्यानं स्वतःच, बसस्टँडच्या दिव्याखाली?
की कुणी म्हणालं असेल,
उभा राहा, अंगावरच लावते,
आणि निळा दोरा शोधायला वेळ नसेल?

एवढंच कळलं मला त्याच्याबद्दल.
एवढ्यावर रात्री भाकरी घशाखाली उतरली नाही.

धर्माच्या रकान्यात रेघ मारली.
शेऱ्यात लिहिलं:
निळा शर्ट, तिसरं बटण हिरव्या दोऱ्यानं शिवलेलं.
शनिवारी साहेबांनी त्याभोवती लाल गोल केला.
"अनावश्यक."
खरंच असेल.

पण त्या बुधवारी
सुबरावनं शेणी रचल्या, रोजच्यासारख्या, मोजून.
आम्ही दोघंच होतो. नदीकडून गार वारा.
काडी ओढता ओढता तो थांबला,
मागं फिरला,
डोक्याखाली एक जास्तीची शेणी सरकवली,
हातानं दाबून बघितली.

"का रे?"

"मान वाकडी दिसत हुती," म्हणाला.