घर चालवणं

आमच्या चिलोए बेटावर घर चालवणं म्हणजे
खरोखरच घर चालवणं.
खाली ओंडके, पुढे बैलांच्या जोड्या, मागे अख्खं गाव,
आणि दारं-खिडक्यांसकट, चुलीच्या धुराड्यासकट
लाकडी घर निघतं दुसऱ्या जागी.
तुम्हाला खोटं वाटेल. वाटू दे.

मी अकरा वर्षांची होते तेव्हा
बाबा समुद्रातून वर आला तो फार घाईने आला.
शिंपले काढणारा पाणबुड्या; पन्नास हात खोल,
आणि होडीतला हवेचा पंप खोकून बंद पडलेला.
माणूस वाचला. पाय खालीच राहिले कुठेतरी,
असं तोच सांगायचा, हसत, पहिले काही महिने.
नंतर तेही सांगेनासा झाला.

पुएर्तो मोंतच्या इस्पितळाने आधी होडी गिळली,
मग मेंढ्या,
शेवटी बैल. तांबडा आणि त्याचा जोडीदार.
आईने जू तेवढं विकलं नाही.
दारामागे उभं असायचं ते,
ज्याला बस म्हणायला कुणाला सुचत नाही
अशा पाहुण्यासारखं.

त्या हिवाळ्यात ती फार बोलली नाही.
ओहोटीला शेवाळ गोळा करायची,
रात्री दर तीन तासांनी बाबाला कुशीवर वळवायची,
गजर न लावता.
एकदा बटाटे सोलता सोलता थांबली,
सुरी ठेवली, दोन्ही हात टेबलावर पालथे ठेवून बसली.
किती वेळ, माहीत नाही.
मग म्हणाली, "इर्मा, साल पातळ काढ,"
जणू मीच सोलत होते.

आणि सकाळी दाराशी फोडलेली लाकडं.
रोज नाही; पण आधीची संपायच्या आत.
कोण ठेवतं, आम्ही विचारलं नाही, कुणी सांगितलं नाही.
त्यांना ओल्या सालीचा वास यायचा
आणि थोडा पाइपच्या तंबाखूचा.

ऑगस्टमध्ये समुद्राने रुदेसिंदोचं अंगण खाल्लं.
सफरचंदाच्या झाडाची मुळं कड्यावरून हवेत लोंबू लागली.
घर हलवायचं ठरलं. म्हातारा घरोघर गेला बोलावणं घेऊन,
आमच्या दारावरून मात्र मान खाली घालून पुढे.
आमची कीव आली म्हणूनच.
पण आईला ते बैल विकल्यापेक्षा जास्त लागलं.
तशीच चिखलात अनवाणी गेली त्याच्या मागे.
"मला का नाही बोलावलंस?"
"तुझ्याकडे बैल कुठे आहेत, एदुलिया?"
"जू आहे."

शनिवारी तिने जू खांद्यावर घेतलं, मी बटाट्यांचं पोतं,
आणि बाबाला चौघांनी खुर्चीसकट उचललं.
चाकं गवतात रुतत होती,
म्हणून त्याला ठेवलं सरळ त्या घरातच,
खिडकीपाशी, मांडीवर पाण्याची परात देऊन.
घर कुठल्या बाजूला कलतंय ते पाणी सांगणार होतं
आणि पाण्याचं तो सांगणार होता.

सेबेरियानोची तरणी जोडी बिनजुवाची आली होती.
आमच्याकडे जू शिंगांना बांधतात.
आईने स्वतः बांधलं, वादी दातांत धरून,
त्या अनोळखी बैलांच्या कानाशी काहीतरी पुटपुटत.
तांबड्याचं नाव असावं. मी विचारलं नाही.

मग घर चाललं.
आधी कण्हलं, मग एक हात, मग दोन हात.
खिडकीतून बाबाचा आवाज, वर्षभरात न ऐकलेला:
"डावीकडे! अरे, डावीकडे! झोपलात का?"
चाळीस माणसं त्याच्या शब्दावर ओढत होती.
चालता न येणारा माझा बाप
घरात बसून अख्ख्या गावातून चालत गेला,
विजार भिजेपर्यंत पाणी सांडत,
शिव्या देत.

संध्याकाळी नव्या जागी चूल पेटली. घर थोडं वाकडं बसलं होतं.
ते आजही वाकडंच आहे.
रुदेसिंदोने पाइप शिलगावला
आणि तो वास माझ्यापर्यंत आला.
मी आईकडे पाहिलं. तिला केव्हापासून माहीत होतं, कोण जाणे.
मी तोंड उघडणार तेवढ्यात तिने
माझ्या हातात वाफाळता बटाटा ठेवला.
"खा," म्हणाली. "गार होतोय."