तूप वाढणारा

मे महिन्यात पारोळ्याला
दुकानाचं शटर आम्ही अर्धंच वर करतो.
कूलरच्या ओल्या गवताचा वास घेत मी लग्नं कापतो,
जोडतो,
कळ दाबून नवरीवर पाकळ्या सोडतो.

गोकुळ आला तेव्हा डोकं नुकतंच भादरलेलं.
म्हणाला, शालिक, नानांचा फोटोच नाही रे घरात.
आधारकार्डावर आहे, पण ते नाना वाटत नाहीत.
तुझ्या कॅमेऱ्यात सापडतील बघ,
रामसिंग पाटलांच्या पोरीच्या लग्नात
तूप वाढत होते.

होते.
वरण-बट्टीची पंगत, हातात चरवी, खांद्यावर पंचा,
दोन मिनिटं आणि वर काही सेकंद भटू नाना.
सेकंदाला पंचवीस फ्रेम,
म्हणजे तीन हजारांवर नाना
आणि भिंतीवर टांगावा असा एक नाही.
कुठे डोळे अर्धे मिटलेले,
कुठे तोंड ‘घ्या’ म्हणता म्हणता उघडं राहिलेलं.

मग कुणीतरी ताटावर पंजा धरतं, बस बस म्हणतं,
नाना तरी बोटांवरूनच धार सोडतात,
आणि तिथे
भुवया एकमेकींकडे सरकतात,
डावा गाल आत ओढला जातो,
नाकपुडी फुलते.
चार फ्रेम.
पापणी लवते त्याच्या निम्म्या वेळात आलं आणि गेलं.

नऊ वर्षं मी हेच बघतो.
आहेराचं पाकीट घेताना अंगठ्यानं जाडी चाचपणारा चेहरा
मला ओळखता येतो.
वरमाईची ती एक फ्रेम
मी कुणाला न विचारता उडवतो.
म्हटलं, राग आहे हा.
गोकुळही म्हणाला, पुढे घे, चिडलेत.

मागे स्टुलावर केवळबाई.
ती इतका वेळ कूलरकडेच बघतेय असं मी धरून चाललो होतो.
“मांगे ले,” ती म्हणाली.
घेतलं.
“राग नही शे तो. त्या आते हसतीन.”

मी कळ दाबली. एक फ्रेम, अजून एक,
आणि एक निळी साडी आडवी आली,
तिच्यामागून भाजीची बादली, कुणाचं तरी कोपर.
साडी सरली तेव्हा नाना पुढच्या ताटाशी,
चेहरा परत कामाला लागलेला.

“लोकेस्ले वाटे, डाफरतीन आते,”
एवढं म्हणून ती थांबली.
पुढचं बोलणं पदरात गेलं.

कंदिलाच्या उजेडात, चुलीच्या धुरात
न थांबवता, न मोठं करता
किती वेळा धरलं असेल तिनं हे?
मी दोनशे टक्के झूम करून चुकलो होतो.

गोकुळ कुरकुरला,
लोक म्हणतील म्हातारा गेल्यावरही रागावलेलाच.
“म्हनू दे.”

मी मंडप पुसून मागे आभाळ टाकलं.
तिनं मंडप परत मागितला.
चरवीही, कापली होती ती.
काचेचा फोटो, बारा बाय अठरा,
साडेचारशे झाले, अप्पांनी चारशेच घेतले.

ती फाईल आता काढून टाकायला हवी, डिस्क भरलीय.
रात्री लाईट आली की मी ती उघडतो
आणि निळ्या साडीवर थांबतो.
एक सेकंद, अकरा फ्रेम
ती साडी तिथून हलत नाही.